रस्ता तोंडी असतो

जनूदादाला दामनच्या घाटातून गाडी न्यायला मी सांगितलं होतं. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांनी स्वतःहून विचारलं त्या आमच्या मालकांना, गोपशेठना, तर नाहीच.

वाचणाऱ्याला हे वाक्य फारच साधं वाटेल. कुठला तरी घाट, कोणी तरी जनूदादा, आणि गाडी न्यायला सांगितली तर त्यात एवढं काय झालं? पण अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या यार्डात हेच वाक्य बोललो, तर चहा पीत बसलेले ड्रायव्हर ग्लास खाली ठेवतील. नऊ वर्षं ते सगळे याच्या बरोबर उलटं धरून चाललेत. ते उलटं त्यांना माझ्याकडूनच मिळालेलं आहे.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. त्याही आहेत, आधी त्या सांगतो. माझी गाडी पहिल्यापासून जरा वळणानेच जाते.

मी ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या लावतो. म्हणजे कोणता माल, कोणत्या गाडीत, कोणत्या ड्रायव्हरबरोबर, कोणत्या रस्त्याने जाणार हे ठरवतो, आणि ती पोचेपर्यंत फोन कानाला लावून बसतो. ऑफिस उल्हासनगरला, खाली जीन्सची दुकानं आणि वर आम्ही. यार्ड अंबरनाथला. घर बदलापूरला. आमच्या गाड्या नेपाळला जातात, त्यामुळे कागदोपत्री मी आंतरराष्ट्रीय वाहतुकीत आहे. नातेवाईक मात्र हे मानत नाहीत. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणजे तो परदेश नाही, असं आमच्या साडूंचं मत आहे. त्यांचा मुलगा दुबईत एका गोदामात पेट्या मोजतो, तो परदेशी. आणि मी स्वतः एकदाही नेपाळ पाहिलेला नाही, हे मी त्यांना सांगत नाही. काठमांडूपर्यंतचा प्रत्येक पूल, प्रत्येक चढ मला पाठ आहे, तो ड्रायव्हरांच्या तोंडून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रस्ता किलोमीटर बघून ठरवतात. उल्हासनगरचे एक जीन्सवाले शेठ होते. त्यांचा माल गाडीत असला की ते दुपारी जेवण झाल्यावर आमच्याकडे यायचे आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहायचे. बोटाने मोजायचे आणि म्हणायचे, "साईं, कल दो उंगली बाकी थी, आज भी दो उंगली? गाड़ी चल रही है के सो रही है?" मी त्यांना समजावायचो की नकाशावर डोंगर सपाट छापतात. ते म्हणायचे, मग नकाशा बदल.

खरं म्हणजे रस्ता ठरतो तो गाडी कुठे बंद पडली तर परवडेल यावर. गाडी बंद पडणार हे धरूनच चालायचं. मालाने भरलेली, डोंगर चढणारी, चौदा-पंधरा दिवस घरापासून लांब असलेली गाडी कधी तरी रुसणारच. प्रश्न एवढाच, की ती जिथे रुसेल तिथे तिला उघडून बघणारा माणूस किती लांब आहे. म्हणून माझ्या वहीत गावांपेक्षा माणसांची नावं जास्त. झाशीच्या अलीकडे एक आहे, तो फक्त गिअरबॉक्स उघडतो. इंजिनाला हात लावायला सांगितला तर त्याला अपमान वाटतो. मोतिहारीजवळ दोघे भाऊ आहेत. त्यांच्यातला कोणता आज कामाच्या अवस्थेत आहे हे त्यांच्या आईला फोन करून विचारावं लागतं. माउली खरं सांगते. या वहीचा मला अभिमान आहे. लांबचा रस्ता पण माणसाचा, असा माझा नियम, आणि तो मी नवीन पोरांना अजूनही शिकवतो. शिकवताना माझा आवाज जरा बारीक होतो, ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

कागदावर माल कुठून निघाला आणि कुठे जाणार एवढंच असायचं. मधला रस्ता कोणी लिहायचं नाही. रस्ता तोंडी असतो. लिहिला आणि काही झालं तर लिहिणारा अडकतो, म्हणून सगळ्या ऑफिसांनी मिळून, कधीही एकत्र न बसता, हा नियम केलेला होता. मग वाटेत रस्ता बदलायची वेळ आली तर ड्रायव्हर फोन करायचा आणि फोन ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: रस्ता कोणाचा? ऑफिस म्हणालं "तुमचा", तर पुढे जे होईल ते ड्रायव्हरच्या डोक्यावर. ऑफिस म्हणालं "आमचा", तर ऑफिसच्या. साक्षीदार नाही, सही नाही. पण इतक्या वर्षांत यावरून कोणी शब्द फिरवल्याचं मी ऐकलं नव्हतं. फिरवल्याचं कधी कळलं नसेल, असंही असेल.

जनूदादा म्हणजे जनार्दन. बदलापूर गावातला, जुन्या शेतकरी घरातला. जमीन भावाकडे आणि स्टिअरिंग याच्याकडे, अशी त्यांच्या घरात वाटणी झालेली. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. बोलायला कमी. बॉर्डर लाइनवर, म्हणजे नेपाळच्या फेऱ्यांवर, सगळ्यात जुना. त्याच्या गाडीला कधी दुसऱ्या गाडीने ओढून आणलं नव्हतं. ड्रायव्हर लोकांत याला फार किंमत असते. नवीन गाडी आली की पोरं तिची पहिली फेरी जनूदादाने करावी म्हणून थांबायची, नारळ फोडण्याइतकंच ते शुभ होतं. त्यालाही ते आवडायचं. तोंडाने कबूल करायचा नाही, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

अंबरनाथच्या एका कारखान्यात नूडल बनवायची यंत्रं तयार व्हायची. नेपाळात नूडल फार खपतात. कारखान्याचे मालक करंदीकरसाहेब, अतिशय सज्जन गृहस्थ, आणि घड्याळापेक्षा पंचांगावर जास्त भरवसा. काठमांडूच्या गिऱ्हाइकाला घटस्थापनेच्या दिवशी यंत्र सुरू करायचं होतं. तिकडे दसऱ्याचा सण मोठा, घटस्थापनेनंतर पंधरा दिवस कोणी कामाला हात लावत नाही. करंदीकरसाहेबांनी गाडी निघायचाही मुहूर्त काढला. पूर्वेकडे तोंड करून निघायचं होतं. कारखान्याचं गेट पश्चिमेला. तेव्हा जनूदादाने गाडी गेटातून रिव्हर्समध्ये बाहेर काढली, नाक पूर्वेलाच ठेवून. साहेबांनी हात जोडले. पोरं हसली. जनूदादा खिडकीतून म्हणाला, "असाच मागं मागं जाऊ का काठमांडूला?"

निघण्याच्या दोन दिवस आधी तो माझ्याकडे येऊन गेला होता. क्लचचं पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्याशिवाय गाडी उचलत नव्हती. याचा अर्थ क्लचप्लेट झिजत आलेली. बदलून द्या म्हणाला. बदलायला गाडी दीड-दोन दिवस उभी राहिली असती आणि मुहूर्त गेला असता. मी म्हटलं, सपाट रस्ता आहे दादा, ही फेरी काढेल, आल्यावर बदलू. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. सपाट रस्त्याला ती प्लेट खरंच पुरली असती. माझा अंदाज चुकीचा नव्हता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते एखाद्या आरतीसारखं आपोआप येतं.

रक्सौलला, म्हणजे आपल्या बाजूच्या बॉर्डरवर, गाडी वेळेत पोचली. तिथे पलीकडच्या कस्टमचे कागद एका दिवसाऐवजी तीन दिवस चालले. मग नेपाळातलं हेटौडा. तिथून काठमांडूला जायला दोन रस्ते. एक लांबचा, नदीच्या काठाने, सगळ्या जड गाड्या जातात तो. वाटेत दर काही मैलांवर गॅरेज. दुसरा जुना, दामनवरून. नकाशावर अर्ध्या बोटाचा. आठ हजार फुटांच्या वर जाणारा चढ, एका मागून एक वळणं, आणि वरती ढगांशिवाय कोणी नाही. माझ्या वहीत त्या रस्त्यावरचं एकही नाव नव्हतं.

नदीच्या रस्त्यावर दरड कोसळली होती. थोडा थोडा वेळ उघडत होते, मैलभर रांग होती. दोन दिवस तरी लागतील असं जनूदादाने कळवलं. घटस्थापना परवावर आलेली. करंदीकरसाहेबांचा फोन दर तासाला. शेवटच्या फोनवर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही एवढे अनुभवी, तुम्हाला काही तरी सुचेलच." शिव्या दिल्या असत्या तर मी सांभाळून घेतलं असतं. मला त्या अनुभवी शब्दाने घेरलं. मी जनूदादाला फोन लावला आणि म्हटलं, दामनवरून घ्या.

तो म्हणाला, "भाऊ, प्लेटीचा तुमाला म्हाईत हाय."

मी म्हटलं, हळू चढवा, तुमचा हात आहे, होईल.

"रस्ता कोनाचा?"

"ऑफिसचा," मी म्हणालो. "माझ्या नावावर घ्या, दादा."

सकाळचे साधारण साडेदहा वाजले होते. समोर कटिंग चहा होता. फोन ठेवल्यावर मला चक्क बरं वाटलं. निर्णय घेणाऱ्या माणसाला वाटतं तसं.

पुढे काय झालं ते त्याच दुपारी तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दामनच्या अलीकडे एका वळणावर पुढची जीप थांबली. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे सगळा भार त्या झिजलेल्या प्लेटवर. दोनदा उचलली, तिसऱ्यांदा नुसता जळका वास. मागे सणाला घरी निघालेल्या माणसांच्या बसगाड्या अडकल्या. लोक उतरून आले, ओरडायला लागले, कोणी तरी दारावर काठी मारली. वाट मोकळी करायला जनूदादाने ब्रेकवर धरत धरत गाडी मागे सोडली. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगराला लागून गटार. त्याने ती गटारात घातली. मागचा धुरा खाली बसला, गाडी कलली, दोर तुटले आणि नूडलचं यंत्र डोंगराला टेकलं. कोणाला खरचटलं नाही. बस गेल्या. आठ दिवस तो त्या थंडीत मालाजवळ बसून राहिला. मग क्रेन आली, आणि जनूदादाच्या गाडीला पहिल्यांदा दुसऱ्या गाडीने ओढलं.

क्रेन यायच्या आधी, त्याच दिवशी संध्याकाळी, आमचे मालक गोपशेठ ऑफिसात आले. स्वभावाने तापट, पण मनात ठेवणारे नाहीत. माझ्यावर त्यांचा फार विश्वास. आल्या आल्या त्यांनी तोच प्रश्न विचारला, कारण धंद्यात तोच विचारतात.

"दिलीप, रास्ता किसका था?"

मी म्हणालो, "उसका."

एकच शब्द. आधी ठरवलेला नव्हता. गरम भांड्यावरून हात काढावा तसा निघाला. त्यानंतर त्याला टेकू द्यायला मी आणखी चार वाक्यं बोललो: घरी लवकर जायची घाई असेल, जुने ड्रायव्हर ऐकत नाहीत वगैरे. ती मात्र विचार करून बोललो होतो.

जनूदादा परत आला तेव्हा गोपशेठनी त्याला ऑफिसात बोलावलं. मी माझ्या टेबलाशीच होतो. शेठनी त्यालाही विचारलं. त्याने शेठकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी टेबलावरचं पेन सरळ केलं. मग पावतीपुस्तक सरळ केलं. शेवटी तो म्हणाला, "गाडी माझ्या हातात होती, शेठ."

शेठना ती कबुली वाटली. मला ती काय होती ते कळलं होतं. त्याने खोटं सांगितलं नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मला बोलायला जागा ठेवली. मी ती रिकामीच ठेवली.

गोपशेठनी त्याला बॉर्डर लाइनवरून काढलं. भिवंडीच्या फेऱ्या देऊ केल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. यार्डात पोरांनी त्याचं नाव ठेवलं दामनशेठ. कोणी शॉर्टकट सुचवला की म्हणायचे, दामनशेठला विचार. पहिल्या फेरीसाठी ज्याची वाट बघायचे, तोच हा माणूस. हे मी ऐकायचो आणि फायलीत डोकं घालायचो. एकदा तर सगळ्यांबरोबर हसलोसुद्धा. न हसणं दिसून आलं असतं.

आणि माझं काय झालं? माझी बढती झाली. या प्रकरणानंतर गोपशेठनी ठरवलं की यापुढे रस्ता लेखी द्यायचा. त्याचा फॉर्म मी तयार केला. रस्ता कोणता, पर्यायी कोणता, कोणी मंजूर केला, सही. आसपासच्या दोन ऑफिसांनी तो उचलला. एकदा वाहतूकदारांच्या मेळाव्यात मला बोलायला उभं केलं, विषय होता मार्गनिवडीतली शिस्त. शाल दिली. शाल बरी आहे, थंडीत वापरतो.

जनूदादा आता बदलापुरात पाण्याचा टँकर चालवतो. नवीन टॉवर उठलेत, त्यांना नळाचं पाणी पुरत नाही. आमचीही सोसायटी त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी टँकरचा ठेकेदार बदलला आणि एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर खाली पाइप जोडताना तो. सोसायटीचा सेक्रेटरी मी. टँकरच्या चिठ्ठीवर सही माझीच लागते. वर्षभर मी वॉचमनच्या हाती सही केलेल्या चिठ्ठ्या खाली पाठवल्या. सही त्याला ओळखीची असेल, रस्त्याच्या कागदावर ती त्याने कधी पाहिली नसली तरी.

गेल्या चैत्रात वॉचमन रजेवर होता. मी खाली गेलो. तो टाकीच्या कडेला बसला होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला नाही, पण सरकून जागा केली.

"बसा भाऊ. अर्धा तास लागंल. प्रेशर नाय."

बसलो. उन्हाळा, पाणी, त्याचा गुडघा, असं चाललं. काठमांडूचं अंतर मोजणारा माणूस विहिरीपासून टॉवरपर्यंत दिवसाला आठ फेऱ्या मारतो. तो म्हणाला, या गाडीचा क्लच मात्र मालक सांगितल्याबरोबर बदलून देतो. टोमणा होता की नुसती माहिती, मला ठरवता आलं नाही. मग मी विचारून टाकलं. म्हटलं, दादा, त्या दिवशी शेठसमोर बोलला का नाहीत?

तो पाइपकडे बघत म्हणाला, "मी बोललो असतो तर तुमी नाय म्हनला असता. मंग शेठ कोनाचा धरनार? त्यापेक्षा मी म्हनला, तुमाला जरा वेल द्यावा."

मग त्याने पाइपचा जोड आवळत विचारलं, "किती वेल लागतो, भाऊ, यवढ्याला?"

टाकी भरली. मी चिठ्ठी दिली. त्याने ती घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि गाडी काढली.

हे इथेच संपलं असतं तरी मी लिहिलं नसतं. पण गेल्या महिन्यात जनूदादा गोपशेठकडे गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या जिन्यावर. त्याने एकच मागितलं: लायसन्सची मुदत संपायच्या आत काठमांडूची एक फेरी, नदीच्या रस्त्याने. पगार नको म्हणाला. गाडी नेतो आणि आणतो, मग पोरांना काय नाव ठेवायचं ते ठेवू दे. गोपशेठ आता मऊ झालेत. ते विरघळले होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तू बोल दिलीप. तेरे को ठीक लगता है तो दे देते हैं."

जनूदादा दारात उभा होता. मी म्हणालो, "वय झालंय शेठ. घाटाचा रस्ता आहे. बघू."

हे मी अगदी सरळ आवाजात बोललो. तो त्या एका फेरीसाठी जरी आला तरी यार्डात दिसेल, पोरं पुन्हा ती गोष्ट काढतील, कधी तरी कोणी तरी नीट विचारेल, हे सगळं माझ्या डोक्यात त्या एका "बघू"च्या आत होतं. जनूदादाने शेठना नमस्कार केला. मला केला नाही. त्याचा अर्ज माझ्या ट्रेमध्ये आहे, माझ्याच फॉर्मवर, रस्त्याचा रकाना त्याच्या हाताने भरलेला. मंजूर करणाऱ्याची सही तेवढी बाकी आहे. लायसन्सची मुदत माघात संपते.

हे सगळं छापायला देताना मला विशेष धैर्य लागलेलं नाही. आमच्या यार्डात दिवाळी अंक कोणी वाचत नाही, गोपशेठना मराठी वाचता येत नाही, आणि जनूदादाला यात नवीन काहीच नाही. ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत न पोचणारा कबुलीजबाब मी निवडला आहे. रस्ता निवडण्यात माझा हात अजून बसलेला आहे.

तेव्हा जे देणं आहे ते स्वच्छ लिहून ठेवतो. त्या अर्जावर सही करणं, हा त्यातला सोपा भाग. सकाळी गाड्या निघायच्या वेळी यार्डात उभं राहून, गोपशेठ, सगळे ड्रायव्हर आणि जनूदादा समोर असताना, दामनचा रस्ता मी दिला होता, प्लेट झिजलेली मला माहीत होती आणि शेठना मी खोटं सांगितलं, हे मोठ्याने सांगणं, हे जनूदादाचं खरं देणं मी लागतो. ते मी अजून केलेलं नाही.